न्यायाधीश हवेत

"स्पर्धेसाठी न्यायाधीश हवेत. अनुभवाची अट नाही. दुपारचं जेवण मिळेल."

जाहिरात एवढीच होती. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो तिथेच ती छापली आणि वाचनालयाचा फलक, दवाखान्याचा जिना, बसथांबा अशा ठिकाणी चिकटवली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी हॉलचं कुलूप उघडायला गेलो तर दारात एकच माणूस उभा. काळा कोट, हातात चामडी बॅग, आणि चेहऱ्यावर असा भाव की बोलावणं येईल हे ठाऊकच होतं, फक्त उशिरा आलं.

"मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश," ते म्हणाले. "अनुभवाची अट नाही असं वाचलं. मला भरपूर आहे. त्याची काही अडचण नाही ना?"

मी ताईकडे पाहिलं. ताई माझ्याकडे बघतच होती.

"पंच लिहायचं होतं रे गाढवा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"पंच लिहिलं असतं तर पाच जण आले असते."

"मग एवढं तरी झालं असतं!"

खरी गोष्ट अशी की रुबिक क्यूबच्या, म्हणजे त्या रंगीत ठोकळ्याच्या, स्पर्धेत प्रत्येक टेबलाशी एक माणूस बसावा लागतो. विस्कटलेला क्यूब झाकणाखाली आणून ठेवतात. झाकण उचललं की स्पर्धकाने पंधरा सेकंद तो नुसता निरखायचा, टायमरवर हात ठेवायचे, उचलायचे, क्यूब सोडवायचा, खाली ठेवायचा आणि टायमर पुन्हा दाबायचा. शेजारच्या माणसाने निरखण्याच्या वेळात आठव्या सेकंदाला "आठ सेकंद" म्हणायचं, बाराव्याला "बारा सेकंद" म्हणायचं, शेवटी क्यूब नीट सुटलाय का ते पाहून आकडा लिहायचा आणि सही करायची. नियमपुस्तक इंग्रजीत आहे. त्यात या माणसाला जो शब्द आहे तो मी शब्दकोशात पाहिला आणि पहिला अर्थ उचलला. दुसरा अर्थ 'पंच' होता. तो पुढच्या पानावर गेला होता.

हे काम करायला कॉलेजच्या सहा मुलांनी होकार दिला होता. आदल्या दिवशी सहाही जणांचा निरोप आला, "अचानक परिक्षा आली." सहाही जणांनी 'परीक्षा' एकाच पद्धतीने चुकवली होती. त्यामुळे काळ्या कोटाला परत पाठवायची आमची ऐपत नव्हती.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. चष्म्याचे स्क्रू मोहरीएवढे असतात. गेल्या वर्षापासून ते तिच्या बोटांतून निसटायला लागले. मग कप निसटायला लागले. मनगटात नस दबलीय, डॉक्टर म्हणाले, आणि अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरायला लागलंय. ऑपरेशन करा, आणि आत्ता करा, कारण थोडे दिवस थांबलात तर अंगठाच थांबेल. ताईने विचारलं, "ऑपरेशननंतर बोटं चालतील?" चालतील, म्हणाले. "पळतील?" ते मी लिहून देत नाही, म्हणाले.

ताई शाळेपासून क्यूब सोडवते. घरी तिने केलेल्या वेळा ऐकून माणसं पुन्हा विचारतात. पण घरची वेळ म्हणजे घरची वेळ, तिला कुत्रं विचारत नाही. क्यूबवाल्यांच्या संघटनेच्या यादीत तिच्या नावापुढे एकही अधिकृत सरासरी नव्हती. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये पाणी शिरलं. दुसरीची नोंदणी मुंगी शिरायला जागा नाही अशी भरली आणि ताई प्रतीक्षायादीत पहिली आली. शेवटपर्यंत पहिलीच राहिली. मग तिने जाहीर केलं, "एक सरासरी होऊ दे. मग हात काय, मुंडकं कापा." आणि ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. आई रडली, मामा ओरडले, डॉक्टरांनी फोन घेणं बंद केलं. शेवटी तारीख ठरली सोमवारची. स्पर्धा शनिवारी. सरासरी मिळाली तर ताई सोमवारी टेबलावर झोपणार होती. नाही मिळाली तर ती तिसऱ्यांदा पुढे ढकलणार, हे तिने सांगितलं नव्हतं. तिला ओळखणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

जवळपास कोणी स्पर्धा घेत नव्हतं म्हणून ती आम्हीच घेतली. आयोजक मी. मला क्यूब सुटत नाही. एक बाजू जमते, तीही पांढरी असेल तर आणि कोणी बघत नसेल तर. पण आयोजकाला क्यूब सोडवावा लागत नाही, बाकी सगळं सोडवावं लागतं. टेबलांवर सावली पडते का? प्रेक्षक किती लांब बसवायचे? क्यूब विस्कटायची जागा स्पर्धकांना दिसणार नाही अशी कशी करायची? (दवाखान्यातला घडीचा पडदा आणला. त्याच्यावर 'श्वास रोखून धरा' असं लिहिलं होतं. ते पुसता आलं नाही.) आणि हॉल कुठला? मोकळा एकच मिळाला, तोही पाचपर्यंत. पाचला तिथे शोकसभा होती, हॉलच्याच माजी व्यवस्थापकांची.

"थोडं मागेपुढे झालं तर?" मी आत्ताच्या व्यवस्थापकांना विचारलं होतं.

"ते वेळेचे फार पक्के होते," ते म्हणाले. "आयुष्यभर त्यांनी कोणाला पाच मिनिटं वाढवून दिली नाहीत. त्यांच्याच सभेला आपण उशीर करायचा? बरं दिसतं का ते?"

संघटनेच्या प्रतिनिधी मॅडम परगावाहून आल्या होत्या. स्पर्धा अधिकृत आहे की नाही हे ठरवणाऱ्या त्या. बाई हसऱ्या, पण नियमपुस्तक पाठ, आणि हसता हसता नाही म्हणणाऱ्या. पहिल्याच मिनिटाला त्यांनी मला सांगून टाकलं, "फेरी सुरू केली तर पूर्ण करायची. अर्धवट राहिली तर त्या फेरीचे निकाल मी पाठवणार नाही. कोणाचेच."

"राहणार नाही, मॅडम."

"हे गृहस्थ कोण?"

"न्यायाधीश."

"अच्छा, छान," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मी काम सांगतोय.

बाकीच्या टेबलांशी ज्यांची पाळी नव्हती त्या स्पर्धकांना बसवलं आणि साहेबांना नियम समजावून सांगितले. त्यांनी ते दोनदा वाचले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाले, "यात न्यायाधीशाला विवेकाधिकार कुठेच दिलेला दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी माझं डोकं कुठे वापरायचं?"

"शक्यतो नाही वापरायचं, साहेब."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं, पण बसले. पहिला स्पर्धक दहा-अकरा वर्षांचा असेल. साहेबांनी 'तयार?' एवढंच विचारायचं होतं. त्यांनी विचारलं, "आपल्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?" पोराने मागे बसलेल्या आईकडे पाहिलं आणि रडायलाच लागलं.

तो सोडवून झाला तेव्हा मी पाहिलं, साहेब आकड्याच्या चौकोनात लिहीत होते, चौकोन संपल्यावर समासात, समास संपल्यावर कागद उलटा करून. मॅडम धावत आल्या.

"सर, इथे फक्त आकडा लिहायचा!"

"कारणं न देता?"

"घड्याळाने दाखवलं, हेच कारण."

"बाईसाहेब, कारणांशिवाय दिलेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही."

"वरचं कोर्ट मीच आहे," मॅडम म्हणाल्या. तेव्हा ते उठून उभे राहिले आणि किंचित वाकले. त्यानंतर दिवसभर मॅडम जवळून गेल्या की ते उठायचे. पोराचे हात टायमरवर असले तरी उठायचे.

पडद्यामागे मामा होते. क्यूब विस्कटायचं काम त्यांना दिलं होतं, कारण घरात या बाबतीत एकमत होतं की त्यांना याचा अनुभव आहे. त्यांनी दोन धंदे आणि एक लग्न विस्कटून दाखवलं होतं. पण क्यूब मनाला येईल तसा विस्कटायचा नसतो. कुठली बाजू कशी फिरवायची त्याचा छापील क्रम असतो आणि एका गटातल्या सगळ्यांना तोच क्रम मिळतो, म्हणजे सगळ्यांना अडचण सारखी. अकराच्या सुमारास मॅडमने सहज दोन क्यूब शेजारी ठेवले आणि मला बोटाने बोलावलं. दोन्ही वेगळे होते.

"मामा," मी म्हटलं, "कागदावर आहे तेवढंच फिरवलंत ना?"

"तेवढं तर फिरवलंच. पण बाळा, शेवटी बघितलं तर दोन पांढरे शेजारी शेजारी! कोण म्हणेल याला विस्कटलेला? मग मी पदरचे दोन-तीन दिले."

"प्रत्येकाला?"

"ज्याला गरज दिसली त्याला. सगळ्यांना एकच माप लावून कसं चालेल?"

सकाळची अख्खी फेरी पुन्हा घ्यावी लागली. मी स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. समोर पाटी होती, 'भिंतीस टेकू नये'. मी सरळ उभा राहिलो. ताईची फेरी दुपारी एकला होती, ती तीनच्याही पुढे गेली. घड्याळाकडे बघितलं की ते पुढे सरकतं असं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी बघणं बंद केलं. त्याने काही फरक पडला नाही.

तोवर शोकसभेची मंडळी यायला लागली होती. वयस्कर माणसं, पुढच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून वेळेच्या पुष्कळ आधी निघालेली. आली, बसली, आणि आमच्याकडे बघत राहिली. हूं की चूं नाही. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "इतका शिस्तीचा प्रेक्षकवर्ग मी कुठेच पाहिला नाही." दोघांनी हार घातलेला फोटो आणून टेबलांच्या मागे स्टुलावर ठेवला. माजी व्यवस्थापक थेट ताईच्या टेबलाकडे बघत होते, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात पुढे धरून.

ताई येऊन बसली. दुपारभर ती गरम पाण्याच्या पिशवीत हात घालून कोपऱ्यात बसली होती. तिने बोटं एकेक करून टेबलाला लावून पाहिली, जसं कोणी दिव्याची बटणं लावून पाहतं.

"कुठली लागतायत?" मी हळूच विचारलं.

"डाव्या हाताची सगळी. उजव्याची दोन आणि एक अर्धं. जा तू. स्पर्धकाशी बोलायचं नसतं."

पाच प्रयत्न असतात. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट वगळायचा, मधल्या तिघांची सरासरी. एखादा प्रयत्न फुकट गेला तर तो 'अपूर्ण' धरतात आणि वाईट म्हणून वगळतात, म्हणजे एक वेळ माफ. दोन अपूर्ण झाले की सरासरीच अपूर्ण.

पहिला प्रयत्न बरा गेला. घरच्या ताईपेक्षा बराच हळू, पण गेला. साहेबांनी आकडा लिहिला, फक्त आकडा, आणि पेनाला टोपण असं लावलं जसं कोणी तोंडाला लावतं.

दुसऱ्या प्रयत्नात क्यूब तिच्या हातातून उडाला. निसटल्याचं तिला कळलंच नाही. बोटं रिकाम्या हवेत दोन वळणं फिरवून गेली. क्यूब जमिनीवर आपटला, एक कोपरा निखळला आणि टणटण करत खुर्च्यांकडे गेला. क्यूब तुटला तर स्पर्धकाने स्वतः जोडायचा आणि पुढे जायचं, घड्याळ चालूच राहतं. ताई टेबलाखाली शिरली.

तुकडा कुठे गेला ते मला दिसलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या बुटाला लागून तो थांबला. आजोबांनी तो उचलला, डोळ्यांजवळ धरला, फोटोकडे पाहिलं, आणि अतिशय आदराने शर्टाच्या खिशात ठेवला.

स्पर्धकाला कोणी मदत करायची नाही, असा नियम आहे. शब्दाने नाही, खुणेने नाही. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तरी अपूर्ण, नाही उघडलं तरी अपूर्ण. ताई हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत होती. तिने पडद्याखाली पाहिलं, साहेबांच्या बॅगेखाली पाहिलं, एकदा तर त्या आजोबांच्या पायांपाशी येऊन थांबली. आजोबांनी पाय वर घेतले, जसे केर काढणाऱ्यासाठी घेतात. मी मनातल्या मनात इतक्या जोरात ओरडत होतो की कान दुखले. वेळेची मर्यादा दहा मिनिटांची. ती पुरी संपेपर्यंत ताई उठली नाही. मग साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अपूर्ण." आणि मग, न राहवून, "मला खेद आहे."

मी आजोबांकडे गेलो. "आजोबा, तो तुकडा."

"हा?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "मला वाटलं आठवण म्हणून वाटताय."

ताईने कोपरा परत बसवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. आता तिन्ही प्रयत्न धड जायला हवे होते.

तिसरा गेला. चौथाही गेला, त्यात तिने क्यूब सोडवला की नुसता धरून ठेवला असं वाटावं इतका वेळ लागला, पण सुटला. व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले आणि बोटाने स्वतःच्या मनगटावर टकटक केली. फोटोतही तेच चाललं होतं. इतर स्पर्धकांचं संपलं होतं. पाचला थोडाच वेळ राहिला होता आणि सगळ्या हॉलमध्ये एकच टेबल चालू होतं.

पाचवा. झाकण उठलं. "आठ सेकंद," साहेब म्हणाले. "बारा सेकंद." ताईने हात ठेवले, उचलले, आणि मी डोळे मिटून घेतले. मी नुसता आवाज ऐकला, वाळकी पानं चुरडल्यासारखा. तो थांबला. टायमर दाबल्याचा खट्ट आवाज आला. शोकसभेतलं कोणीतरी म्हणालं, "सुटला!" मी डोळे उघडले. क्यूब टेबलावर होता, सगळ्या बाजू आपापल्या रंगाच्या.

साहेब मात्र क्यूबकडे बघत नव्हते. ताईच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट क्यूबला टेकलेलं होतं.

"ताई, हात!" मागे बसलेल्या आमच्या आईच्या तोंडून निघून गेलं. ताईने खाली पाहिलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

नियम असा आहे की टायमर थांबवल्यावर, न्यायाधीशाने क्यूब पाहेपर्यंत स्पर्धकाने त्याला हात लावायचा नाही. लावला तर अपूर्ण.

मॅडम हसत नव्हत्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आपण क्यूबला स्पर्श केलात?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? हात आपला आहे."

"आहे माझाच. पण त्या बोटांना कळत नाही. तुम्ही म्हणताय तर केला असेल."

साहेबांनी नियमपुस्तक उघडलं. पानं उलटली. पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबले, ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"बाईसाहेब, इथे एक अपवाद आहे. स्पर्श झाला, पण क्यूबचा कुठलाही थर फिरला नाही, तर अपूर्ण न देता दोन सेकंद वाढवता येतील, आणि ते," त्यांनी बोट ओळीखाली धरलं, "न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलं आहे."

"हो सर. तुम्ही ठरवायचं."

"मी?"

"तुम्हीच."

सकाळपासून पहिल्यांदाच ते ताठ बसले. आणि मला धडकी भरली, कारण त्यांनी बॅगेतून कोरे कागद काढले.

"बाजू ऐकून घ्याव्या लागतील. आयोजक, आपण काय पाहिलंत?"

"काही नाही साहेब. मी डोळे मिटले होते."

"महत्त्वाच्या वेळी?"

"महत्त्वाची होती म्हणूनच."

"आपला स्पर्धकाशी संबंध?"

"भाऊ."

"मग पाहिलं असतंत तरी उपयोग नव्हता. आणखी कोणी?"

मामा पडद्यामागून बाहेर आले. "जज्जसाहेब, मी शपथेवर सांगतो, थर तसूभर हलला नाही!"

"आपण पडद्यामागे होतात."

"शपथ घ्यायला तयार आहे म्हटलं, बघितलं कुठे म्हटलं?"

आजोबांनी हात वर केला. त्यांना वाटलं होतं त्यांचं भाषण आलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पेच आहे. पाहणारा एकटा मीच. म्हणजे मी साक्षीदार झालो. आणि साक्षीदाराने त्याच प्रकरणात निकाल द्यायचा नसतो, हे अगदी मूलभूत आहे. मला या प्रकरणातून बाजूला व्हावं लागेल. किंवा निकाल राखून ठेवतो. सोमवारी—"

"सोमवारी नाही!" मी ओरडलो. इतका वेळ मनात ओरडत होतो, ते सगळं एकदम बाहेर पडलं. "साहेब, सोमवारी तिचा हात कापायचाय! म्हणजे उघडायचाय! आणि हे झालं नाही तर ती जाणार नाही, आणि नाही गेली तर अंगठा जाईल, आणि मी काही करू शकत नाही हो, मला एक बाजू येते फक्त, पांढरी!"

शोकसभेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत आत चालत आले. ताई खाली मान घालून म्हणाली, "गप बस रे. साहेब, तुमच्या नियमात बसत नसेल तर अपूर्ण लिहा. मला दया नकोय. मला सरासरी हवीय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे वळले.

"इथे पाहणाऱ्यानेच निकाल द्यायचा असतो?"

"इथे पाहण्यासाठीच बसवतात, सर."

"विचित्र आहे," ते म्हणाले. "माझी सगळी नोकरी मी न पाहिलेल्या गोष्टींचे निकाल देण्यात गेली. ज्यांनी पाहिलं ते सांगायचे, आणि निम्मे खोटं सांगायचे. त्यातलं खरं कुठलं असेल याचा विचार करत मी रात्र रात्र जागलोय. स्वतःच्या डोळ्यांनी असं एकही प्रकरण पाहिलं नव्हतं." त्यांनी कोरे कागद बॅगेत परत घातले. "मी पाहिलंय. बोटं टेकली. थर फिरला नाही. दोन सेकंद."

त्यांनी आकडा लिहिला. त्यापुढे अधिक दोन लिहिलं. सही केली. कारण लिहिलं नाही. ताईने सही केली. तिला पेन मुठीत धरावं लागलं, लहान मुलं धरतात तसं. मॅडमने कागद घेतला, पाहिला, आणि तेवढ्यात व्यवस्थापक टेबलापाशी पोहोचून म्हणाले, "पाच."

मॅडमने निकाल वाचून दाखवला. ताईची सरासरी त्या दिवसातली सगळ्यात वाईट होती. रडलेलं पोरही तिच्या पुढे होतं. पण ती होती. अधिकृत. यादीत सगळ्यात खाली का असेना, तिथे ताई असणार होती.

मी काहीतरी बोलायला गेलो, पण व्यवस्थापकांनी मायक्रोफोन हातात घेतला होता. "आपल्या दिवंगत सहकाऱ्यास श्रद्धांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या." खुर्च्या सरकल्या. आम्हाला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. आई, मामा, मॅडम, मी, सगळे टेबलांच्या मधोमध खाली मान घालून उभे राहिलो. पडद्यावर लिहिलं होतं, 'श्वास रोखून धरा'.

मी ताईचा उजवा हात धरला आणि दाबला.

"दाबतोयस का?" तिने पुटपुटत विचारलं.

"हो."

"अजिबात कळत नाहीये."

मी आणखी जोरात दाबला. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. आणि त्या शांततेत, फोटोसमोर ताठ उभे राहून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, साहेब स्वच्छ आवाजात म्हणाले,

"आठ सेकंद."

कोणी हललं नाही. ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता रडते. मी वाकून पाहिलं तर ती ओठ घट्ट मिटून हसत होती, नाकातून पाणी येईपर्यंत.

"सोमवारी उपाशीपोटी यायला सांगितलंय ना?" ती कशीबशी कुजबुजली.

"हो."

"मग उद्या रात्री मला नीट जेवू घाला. नंतर महिनाभर चमच्याने भरवायचंय तुला."

"बारा सेकंद," साहेब म्हणाले.